माशा नसलेल्या भुयारातला बैल

बैल मरतो तेव्हा आधी त्याचे मागचे पाय जातात. पुढचे गुडघे नंतर टेकतात, आणि मान सगळ्यांत शेवटी पडते. हे मला ऑफिसात कुणी शिकवलं नाही.

जनावरांना चालवायचं आणि मारायचं, हे माझं काम. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत आम्ही कॉम्प्युटर गेम बनवतो. खेळणारा तलवार घेऊन भुयारात उतरतो आणि एकेक मजला खाली जात समोर येईल त्या राक्षसाला कापत सुटतो. त्या राक्षसांतला एक अख्खा वर्ग चार पायांचा. लांडगे, रानडुकरं, दोन तोंडांचं अस्वल आणि पाचव्या मजल्यावर एक बैल. आम्ही त्यांना चौपायी म्हणतो. ते चालतात कसे, झेप घेतात कशी, पोट फाटल्यावर कोसळतात कसे, हे मी ठरवतो. लांडग्यासाठी मी आठवडाभर व्हिडिओ बघितले. बैलासाठी एकही बघितला नाही. दीड दिवसात तो पडद्यावर उभा राहिला आणि मागचा डावा पाय ओढत चालायला लागला. आमची लीड, म्हणजे टीमची प्रमुख, खूश झाली. त्या दुखऱ्या पायावर वार केला की हा पिसाळेल असं करू, म्हणाली. मी मान डोलावली.

मी त्याला पाच शिंगं दिली, अंगावर खवले दिले, डोळ्यांत जाळ भरला. चाल तेवढी बदलली नाही. बदलता आली नाही.

आमचं गाव निपाणीच्या पलीकडचं. घरी दोन बैल होते. त्यांतला एक आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातावर वाढवलेला. गाय व्यायल्यावर लगेच मेली, तेव्हा आप्पा त्याला बाटलीनं दूध पाजायचे. रोज सकाळी गोठ्यात शिरले की आधी त्याच्या पाठीवरून मागच्या पायापर्यंत हात फिरवायचे, मगच इतर कामं. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा एका सकाळी त्यांनी असाच हात फिरवला आणि बैल गर्रकन वळला. शिंग पोटात घुसलं. त्यानं आप्पांना उचलून भिंतीवर आपटलं, एकदा नाही, दोनदा. आप्पा पोट दोन्ही हातांनी दाबून शेणात पडले होते आणि बोटांमधून रक्त येत होतं. बैल दावं तोडून गल्लीत पळाला. लोकांनी त्याला कुऱ्हाडींनी, काठ्यांनी, दगडांनी, जे हाताला लागेल त्यानं ठेचलं. मागचे पाय आधी गेले.

आप्पा वाचले. पोट शिवून घरी आले आणि दुसरा बैलही त्यांनी विकून टाकला. त्यानंतर आमच्या दारात साधं मांजरसुद्धा राहिलं नाही. जखमेचं त्यांना फारसं काही वाटायचं नाही. ज्याला हातानं पाजलं तो उलटला, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. बैलाचा विषय निघाला की तोंडातून शिवीच यायची. "बेइमान जात," म्हणायचे आणि उठून जायचे.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. आदल्या दिवशी पाणवठ्यावर त्या बैलानं मानेच्या एका झटक्यात मला चार पोरांसमोर चिखलात पाडलं होतं. पोरं खिदळली. माझा राग ऑफिसात आज प्रसिद्ध आहे, दोन कीबोर्ड फोडलेत मी. तो तेव्हाही असाच होता. सकाळी आप्पा उठायच्या आधी मी गोठ्यात गेलो, पहार उचलली आणि बांधलेल्या जनावराच्या मागच्या डाव्या पायावर घातली. तिसऱ्या घावाला हाड वाजलं. तरी मी थांबलो नाही. हात दुखायला लागले तेव्हा थांबलो. थोड्या वेळानं आप्पा आले आणि त्यांनी त्याच पायावर हात ठेवला.

गल्लीत तो लंगडत पळाला, पण तोवर चारी बाजूंनी घाव पडत होते. कुणाला शंका आली नाही. मी चोवीस वर्षं तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर आले. पट्टी निघाल्यापासून त्यांना सगळंच बघायचं होतं, समोरच्या टॉवरवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा. शनिवारी दुपारी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून मी कामाला बसलो. ते मागे खुर्ची ओढून बसले.

"काय करायलास?"

"काम."

"जनावरं मारायचं काम?" ते हसले. "आणि ह्याचा पगार देतात की काय?"

मी लांडगे कापले, अस्वलाचं एक तोंड उडवलं. आप्पांना मजा येत होती. पाचव्या मजल्यावर बैल आला, मी तलवार उगारली आणि मागून आवाज आला, "स्वल्प थांब. मारू नको."

मी हात काढून घेतला. बैल भुयाराच्या टोकाकडून पाय ओढत येत होता. मध्येच थांबून त्यानं मान डावीकडे झटकली.

"भुयारात माशा कुठल्या?" आप्पा म्हणाले.

तो झटका मी कधी घातला ते मलाच आठवत नव्हतं.

"आपलाच हाय ह्यो," आप्पा म्हणाले. मग खुर्ची पडद्याकडे सरकवली. "ह्याला आतापर्यंत कुणी मारलंय का?"

"नाही."

"मग लंगडायलाय कशानं? आदल्या सांजेला मी बांधला त्याला. चारी पाय नीट टाकत आलता. लंगडताना तू कुठं बघितलास?"

गल्लीत बघितला, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते खपलंही असतं. पडद्यावर बैल माझ्या तलवार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला शिंगांवर घेऊन भिंतीवर आपटत होता, एकदा, दोनदा. तेही मीच बसवलेलं होतं.

"मी मारला होता," मी म्हणालो. "पहारीनं. तुम्ही उठायच्या आधी."

आप्पांनी मला खाडकन थोबाडीत मारली. पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. माझा चष्मा सोफ्याखाली गेला आणि ओठ फुटून रक्त आलं. दुसरी बसणार म्हणून मी मान तशीच धरून बसलो. बसली असती तर बरं झालं असतं.

"चोवीस वर्षं शिव्या घातल्या रे मी त्याला," ते म्हणाले, आणि ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लावायचं नाही हे विसरून रडायला लागले.

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी जवळ घेतलं नाही, ढकललंही नाही. मग पडद्याकडे बोट करून विचारलं, "ह्याचा पाय नीट करता येतो?"

येत होता. अर्ध्या तासाचं काम होतं. सोमवारी लीड काय म्हणेल याचा विचार न करता मी चष्मा शोधला आणि बसलो. ओठाचं रक्त पुसत मी तो पाय सरळ केला आणि बैलाला भुयाराच्या टोकापासून पुन्हा चालवलं. तो चारी पाय टाकत आला, मान झटकून आमच्यासमोर उभा राहिला.

आप्पांनी हात पुढे केला आणि काचेवर, त्याच्या मागच्या पायावर ठेवला.

"सांजेला असाच आलता," ते म्हणाले.