हातावरची फुंकर

शेलूबाजारच्या गोदामात सोयाबीन पारखणं हे माझं काम. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, बोटानं पसरायचे आणि माती-काडी किती, डागी दाणा किती ते सांगायचं. शेठ त्यावर भाव ठरवत. माझ्या नजरेवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर मी ते मोडलं असतं.

मागच्या हंगामात शेठनी एआयचं यंत्र आणलं. ट्रेमध्ये दाणे टाकले की वरचा कॅमेरा फोटो काढतो आणि माल कसा आहे ते पडद्यावर येतं. शिकवायला कारंजाहून एक मुलगी आली, माझ्या लेकीच्या वयाची. शेठ म्हणाले, "आठ दिवसांत शिकून घ्या. जमलं त राहा, नाही त दुसरी पाहू."

मला राग आला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी बटणं मी दोन दिवसांत शिकले. शाळेत मी हुशारच होते, सातवीनंतर कुणी पाठवलं नाही एवढंच.

पण यंत्र चुकत होतं. मला पोत्यातली माती उघड दिसायची आणि पडदा म्हणायचा, माल स्वच्छ. "पोरी, तुहं यंत्र आंधळं हाये," मी म्हणाले. ती बिचारी दर वेळी काच पुसायची, वायर काढून लावायची. चौथ्या दिवशी शेठ दारातूनच म्हणाले, "यंत्र उद्या परत पाठवा. आपली बाईच बरी." मला आतून गुदगुल्या झाल्या.

सामान बांधण्याआधी मुलगी म्हणाली, "मावशी, एक डाव पुन्हा करून दाखवता काय?" मी मूठ भरली, दाणे तळहातावर पसरले, ट्रेकडे हात नेला आणि ती एकदम ओरडली, "थांबा! तुमी फुंकर मारून राह्यल्या."

खरंच होतं. आधी माती बघायची, मग फुंकर मारून दाणा बघायचा, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. ट्रेत पडेपर्यंत माती उडून गेलेली असायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गप्प बसले असते तर यंत्र गेलं असतं, माझं काम राहिलं असतं. शेठ माझाच शब्द धरणार होते. पण त्या पोरीनं सकाळपासून डबासुद्धा उघडला नव्हता. मी तिला घेऊन शेठसमोर उभी राहिले. "यंत्र बरोबर हाये. चूक माही झाली."

फुंकर न मारता दाणे टाकून दाखवले. यंत्राचा आकडा माझ्या अंदाजाशी जुळला.

शेठ हसले. "मंग बटण दाबाले कोणीबी चालते. तुमची काय गरज?"

मुलीनं मान खाली घातली. मी मात्र परखी उचलली, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी. यंत्रानं सकाळी पास केलेलं एक पोतं भिंतीशी होतं. उतरवताना त्याचा तळ ओलसर दिसला होता मला. तिथंच परखी खुपसली. काळपट, दमट दाणे ट्रेत पडले आणि पडद्यानं माल नापास केला.

"हे पोतं खालून पाहा, हे याले कोण सांगन शेठ? मी दाखवीन तेच याले दिसते."

शेठनी ट्रेतला एक काळपट दाणा उचलून चिमटीत दाबला. मग मुलीला म्हणाले, "तुमी अजून आठ दिवस थांबा. या बाईपासून शिकून घ्या, मंग पुढच्या गोदामात शिकवा."

मुलीनं लगेच वही काढली.

"वही ठेव," मी म्हणाले. "आधी परखी धर."