बुरुजांचा गेम : पहिला बरा की दुसरा?

डायलिसिसच्या खाटेवर माणूस चार तास जागचा हलू शकत नाही. तो कुठं जात नाही, म्हणून गोष्टीच चालत त्याच्याकडं येतात. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते एक, असं करता करता माझ्याकडं ढीग साचलाय. त्यातल्या बहुतेक एका मोबाईल गेमच्या आहेत. कंधारच्या शाळेत भूगोल शिकवणारा पन्नाशीचा मास्तर गेमच्या गोष्टी सांगतोय म्हणून हसायचं तर हसा!

गेम साधा आहे. रस्त्यानं राक्षसांच्या टोळ्या येतात. आपण कडेला बुरुज बांधायचे, बुरुजावरून बाण सुटतात, दगड पडतात. जो राक्षस वाचून वेशीत शिरला, त्यानं आपला एक जीव नेला. वीस जीव गेले की खेळ खलास.

*

तो माझ्या फोनमध्ये आला माझ्या पहिल्याच दिवशी. हातात दोन सुया, आणि स्वतःचं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसत होतं. नजर हटेना. नांदेडच्या त्या वॉर्डातल्या ज्योती सिस्टरनी माझा फोन मागितला, काहीतरी डाउनलोड केलं आणि माझ्या मोकळ्या हातात दिलं.

"सर, नळीकडं नका बघू. इकडं बघा, राक्षस येऊन राहिले!"

*

माझ्या समोरच्या खाटेवर नायगावच्या कमलमावशी. शेतीवाल्या बाई, शाळा चौथीपर्यंत. मी नकाशे शिकवणारा माणूस, सगळ्या रस्त्याला सारखे बुरुज बांधायचो आणि हरायचो. मावशी सगळे बुरुज एकाच वळणावर उभे करायच्या, आणि जिंकायच्या. मी एकदा विचारलं, हे कसं?

"रानडुक्कर जिथून शिरतंय तिथंच राखण बसवावी लागती सर. सगळ्या बांधावर माणसं उभी करून कसं व्हईल?"

वॉर्डात पहिला गेम सगळ्यात आधी त्यांनीच संपवला.

*

मग दुसरा आला. त्याच कंपनीचा, तेच राक्षस, पण सगळं चकचकीत. पहिल्यात चार तऱ्हेचे बुरुज होते, ह्यात किती आहेत ते अजून मोजून झालं नाही. शिवाय तलवार घेऊन रस्त्यावर फिरणारा एक हिरो.

मावशींना तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. "ह्यो गडी नुसता मिरवून राहिलाय. बांधकामाला ह्याचा हात लागत न्हाई."

माझ्या उजवीकडच्या खाटेवर रफिकभाई. नांदेडातले जुने टेलर, चाळीस वर्षं शेरवान्या शिवलेला माणूस. त्यांनी हिरो मोठा करून पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला.

"सर, ह्याची बाही उलटी जोडलीय! पहिल्या गेममध्ये नुसते उघडे राक्षस होते, तेच बरं होतं."

*

पहिल्यात जीव संपले की संपले. दुसऱ्यात एक जाहिरात बघायची, पाच जीव परत मिळतात. पुन्हा संपले, पुन्हा जाहिरात.

एकदा रफिकभाई एकाच लढाईत जाहिरातींवर जाहिराती बघत बसले होते. मी कंटाळून म्हणालो, "भाई, हरलात तुम्ही. सोडा की आता."

त्यांनी मान वळवून आधी माझ्या मशीनकडं पाहिलं, मग स्वतःच्या.

"आपण तरी इथं दुसरं काय करून राहिलो, सर? मंगळवारी एक जाहिरात, शुक्रवारी एक जाहिरात."

सगळ्यात आधी मावशी हसल्या. मग आम्हाला हसता आलं.

*

त्यानंतर रफिकभाईंच्या डाव्या हाताची शीर बंद पडली. सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून जी शीर तयार करतात, ती. डॉक्टर म्हणाले, आता उजवा हात. भाईंनी दोनदा विचारलं, दुसरा काही इलाज? नव्हता.

नवी शीर तयार होईपर्यंत मानेतल्या नळीवर डायलिसिस झालं. मग उजव्या हातात पहिल्यांदा सुया गेल्या. कात्री धरणारा हात उशीवर उताणा पडलेला, आणि भाई छताकडं बघत होते.

मला धीराचं बोलता येत नाही. वर्गात येतं, तिथं आलं नाही. शेवटी मी म्हणालो, "भाई, दुसऱ्या गेममध्ये मी अडकलोय. एका हातानं हिरो धरून ठेवावा लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्यानं बुरुज बांधावा लागतो. माझा एकच हात मोकळा आहे."

भाईंनी छतावरची नजर काढली. मग म्हणाले, "कोणता?"

"उजवा. तुमच्या बाजूचा."

त्यांचा डावा मोकळा होता, माझ्या बाजूचा. ज्योती सिस्टरनी न सांगता दोन खाटांमध्ये स्टूल सरकवलं आणि फोन त्यावर ठेवला. भाईंनी हिरो धरला, मी बुरुज बांधले. हरलो. परत मांडला, परत हरलो. वेळ संपल्याचं मशीन वाजलं तेव्हा दोघांनाही ते लवकर वाजलं असं वाटलं.

सुया काढल्यावर भाई म्हणाले, "तुमचा हात चांगला हाय सर. फक्त घाई लई करतो. कापड कापताना घाई नक्को!"

त्या हातानं जोर लावायचा नाही, म्हणून आता दुकानात भाभी कात्री चालवतात, भाई शेजारी बसून सांगतात. भाभींचा हातही घाई करतो, अशी त्यांची तक्रार आहे.

*

तर पहिला बरा की दुसरा, ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही. पहिला रेंज नसतानाही चालतो, कंधारच्या रस्त्यावर मला त्याचाच आधार. दुसऱ्यात दोन फोन जोडून सगळ्यांना मिळून एकच वेस राखता येते. पण पहिला मध्येच थांबवता येतो, दुसरा तसा जोडून खेळताना थांबत नाही.

*

मावशींचे मालक, नामदेवमामा, दर वेळी त्यांना नायगावहून घेऊन येतात आणि चारही तास बाहेरच्या बाकावर बसतात. आत येत नाहीत. नळ्या बघवत नाहीत म्हणतात.

डॉक्टरांनी दोन-तीनदा सुचवलं होतं, घरच्या कुणाची किडनी मिळते का बघा. मावशींचं उत्तर ठरलेलं. "माझ्यापायी कुणाचं पोट फाडायचं न्हाई." मुलालाही त्यांनी तेच ऐकवलं होतं.

एका शुक्रवारी बाक रिकामा दिसला. आमचा खेळ चालू होता, मी आणि भाई एका फोनवर, मावशी त्यांच्या फोनवर. मावशींचं लक्ष सारखं दाराकडं.

"सिस्टर, आमचे मालक दिसले का?"

"वर रक्त तपासायला गेलेत," ज्योती सिस्टर बोलून गेल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

"त्यांना काय झालं?"

तेवढ्यात मामाच आत आले. पहिल्यांदाच. कोपराजवळ कापूस दाबून धरलेला. कुठल्याच मशीनकडं न बघता ते सरळ मावशींच्या खाटेजवळ गेले.

"रक्तगट जुळतोय. फुडच्या तपासण्या करू म्हणले डॉक्टर."

मावशींनी फोन बाजूला ठेवला. "कुणाला इचारून केलं?"

"कुणाला न्हाई."

"मी न्हाई घेणार. सांगून ठेवते."

"तू आजारी पडली, तवा मला इचारलं व्हतं का?"

स्टुलावरच्या फोनमध्ये राक्षस वेशीत शिरत होते, एकेक जीव कमी होत होता. रफिकभाईंनी हिरोवरचं बोट उचललं. मीही हात मागं घेतला.

मावशी मान खाली घालून मामांच्या पायांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या,

"चपला भाईर काढून या आधी. आन् मग बसा हितं."