बाटलीत पाणी किती

कुमुद गिरडकरला कॉलेजात सगळे कुमुद दीदी म्हणत. रायपूरच्या पुरानी बस्तीच्या पलीकडचं मुलींचं कॉलेज, तिथल्या रसायनशास्त्र विभागात ती परिचर होती. परिचर म्हणजे काचेची भांडी धुवायची, द्रावणं बनवून ठेवायची, बर्नर पेटत नसला तर तो खोलून साफ करायचा, आणि प्राचार्यांकडे पाहुणे आले की हातातलं सगळं टाकून चहाचा ट्रे धरायचा. पंधरा वर्षं बाई हेच करत होती. जागा दहावी पास माणसाची, म्हणून अर्जात तिनं दहावीच लिहिली. खरं सांगायचं तर ती वर्ध्याहून बीएस्सी झालेली, तीही पहिल्या वर्गात. एमएस्सीचा फॉर्मसुद्धा नागपूरहून आणला होता. पण तेवढ्यात रायपूरच्या रेल्वे कारखान्यातल्या दिवाकर गिरडकरांचं स्थळ आलं, तारीख निघाली, आणि फॉर्म राहून गेला. कॉलेजात हे कोणालाच माहीत नव्हतं. परिचराला कोणी तिची डिग्री विचारतं का हो?

नवं राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झाल्यापासून जो तो आपलं घर, दुकान, ऑफिस राजधानीला शोभेल असं करण्याच्या मागे लागला होता, आणि त्याच वर्षी कॉलेजात नॅकची टीम येणार असं पत्र आलं. बाहेरचे तीन मोठे प्रोफेसर येणार, दोन दिवस कॉलेज तपासणार आणि ग्रेड देणार. झालं, कॉलेजच्या अंगात वारं शिरलं. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी नर्सरीतून भाड्यानं दीडशे कुंड्या आणल्या आणि आवारातल्या प्रत्येक झाडाला नावाची पाटी ठोकली. एका कडुनिंबाला तर दोन पाट्या लागल्या, कारण दोन मॅडमांचं आपसात बोलणं नव्हतं. गृहविज्ञानवाल्यांनी पडदे शिवले. हिंदी विभागाला काय करावं सुचेना, तर त्यांनी रांगोळीची तालीम सुरू केली. जिकडेतिकडे फायली, फायलींना रंगीत कव्हरं, आणि कव्हरांच्या रंगावरून भांडणं. कुमुदला ही धावपळ मनापासून आवडली. पंधरा वर्षांत या इमारतीत इतका जीव कधी दिसला नव्हता, असं ती घरी येऊन सांगायची.

पण तिच्या आनंदाचं कारण निराळं होतं. विभागप्रमुख मंदाकिनी मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, की टीमनं विभागाबद्दल चांगलं लिहिलं तरच विद्यापीठ रसायनशास्त्राची एमएस्सी इथं सुरू करू देईल. तीनदा अर्ज केला, तीनदा परत आला. आता नाही तर मग नाहीच. दरवर्षी वीसेक पोरी इथून बीएस्सी होत. विद्यापीठात जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. बाहेरगावी कोणाचा बाप पाठवतो? हुशार हुशार पोरी घरी बसायच्या आणि पुढच्या वर्षी कडेवर लेकरू घेऊन दीदीला भेटायला यायच्या. कुमुदला एमएस्सी हवी होती. पोरींसाठी हवी, असं ती सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

दिवाकर चिडवायचे. "मॅडमले नाही एवढी घाई तुले होऊन राहिली. तुले काय करायचं आहे एमएस्सीचं?" असं ते एकदा जेवताना म्हणाले, तर ती भात वाढतच राहिली. त्यांना भात जरा जास्तच पडला.

आता मंदाकिनी मॅडम बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. नुसती घाबरलेली होती. आणि घाबरलेला माणूस दिसेल त्याला रंग देतो. मॅडमनी प्रयोगशाळेतल्या टेबलांना चकचकीत काळा ऑइल पेंट मारून घेतला. ॲसिडचे, चटक्यांचे सगळे डाग गेले. जुने ब्युरेट, ठिगळं लावलेले स्टँड, कडा उडालेली बीकरं सगळं स्टोअरमध्ये बंद, आणि मांडणीवर कोरी करकरीत काच. कुमुदचा पिवळे ठिपके पडलेला ॲप्रनही जप्त झाला. नवा मिळाला तो इतका कडक होता की बसली की पोटापाशी उभाच राहायचा. हे सगळं तिनं हसून घेतलं.

पण टीम यायच्या आदल्या रविवारी, कुमुदच्या सुट्टीच्या दिवशी, मॅडमना वाटलं की मांडणीवरच्या बाटल्या अर्ध्यामुर्ध्या बऱ्या दिसत नाहीत. त्यांनी ऑफिसातल्या रामकृष्ण शिपायाला सांगितलं, सगळ्या गळ्यापर्यंत भरून टाक. रामकृष्णानं हव म्हटलं आणि भरल्या. कशानं भरणार बिचारा? पाण्यानं.

सोमवारी सकाळी कुमुदनं मांडणी पाहिली. पातळ आम्लं, अल्कली, परमँगनेट, सगळ्या बाटल्या एका रेषेत, शाळेतल्या कवायतीसारख्या. शुक्रवारी परमँगनेटची बाटली कुठपर्यंत होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती धावत मॅडमकडे गेली. यातल्या एकाही द्रावणाची ताकद आता लेबलावरची राहिली नाही, असं तिनं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, मग घड्याळ पाहिलं. टीम फाटकापाशी आली होती. त्यांनी कुमुदला समजावलं, की पाहुणे पाच मिनिटं येतील, बघतील आणि जातील. बाटल्या कोण उघडून बसणार? तू फक्त गप्प राहा, एमएस्सीचा प्रश्न आहे.

पाहुण्यांपैकी जे रसायनशास्त्राच्या वाट्याला आले ते पासष्टीचे, बारीक, दक्षिणेकडचे प्रोफेसर होते. हिंदी तोलूनमापून बोलायचे. प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाच्या एकोणीस पोरी नव्या ॲप्रनमध्ये रांगेत उभ्या. सरांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. ब्युरेटची तोटी फिरवून पाहिली, ती फिरेना. मग वळून त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, की इथं प्रात्यक्षिकं होतात ना? मॅडम घाईनं रेकॉर्डबुकांचा गठ्ठा घेऊन आल्या. सरांनी तो उघडलाही नाही. मला प्रात्यक्षिक दाखवा, आता, म्हणाले. एक टायट्रेशन होऊन जाऊ द्या. आणि मांडणीवरची परमँगनेटची जांभळी बाटली त्यांनी स्वतःच उचलून टेबलावर ठेवली. लेबलावर ताकद लिहिली होती, ०.१ नॉर्मल.

सिलतऱ्याहून येणारी राधा, वर्गातली सगळ्यात हुशार पोट्टी, पुढे होऊन ब्युरेट धुवायला लागली. कुमुद मागे भिंतीपाशी उभी. तिच्या डोक्यात हिशेब भराभर चालू होता. पोरी नीट काम करतील, आणि उत्तर चुकेल. लेबल एक सांगेल, ब्युरेट दुसरंच. सर म्हणतील, यांना काही येत नाही, आणि विषय संपला. चूक बाटलीची, शिक्षा पोरींना. हे काही तिला सहन होईना. बरं, खरं सांगावं तर मॅडमची नाचक्की, कॉलेजची नाचक्की, एमएस्सी गेलीच. आणि तिला एकदम सुचलं. अरे, परमँगनेटची ताकद माहीत नसली तर बिघडलं कुठं? टायट्रेशन करतात तेच मुळी ताकद काढायला.

ती पुढे आली. कडक ॲप्रन खसखसला. "सर, इस बोतल में पानी मिला हुआ है," ती म्हणाली. "लेबल मत देखिए. कितना पानी है, ये लड़कियां निकाल के बताएंगी."

मॅडमनी डोळेच मिटले. सर तिच्याकडे बघत राहिले, मग भुवया उंचावून म्हणाले, निकालिए.

मग काय विचारता महाराजा! कुमुदनं स्टोअर उघडलं. जुने ब्युरेट बाहेर, जुने स्टँड बाहेर, कडा उडालेली बीकरं बाहेर. मोहर्स सॉल्टचे फिकट हिरवे खडे तिनं तराजूवर स्वतः तोलले, पाण्यात ताजे विरघळवले. ही एक गोष्ट अचूक असली की बाकी सगळं तिच्यावरून काढता येतं. सल्फ्युरिकच्या बाटलीतही रामकृष्णाचा प्रसाद होताच, तर तिनं पोरींना सांगितलं की एरवीपेक्षा दुप्पट घाला, नाहीतर रंग तपकिरी होऊन बसेल. एकोणीस पोरी, दहा टेबलं. ज्या मघाशी नुसत्या रांगेत उभ्या होत्या त्यांचे हात आता सपासप चालायला लागले. ब्युरेटमधून जांभळे थेंब पडतायत, फ्लास्क गोल फिरतायत, थेंब पडला की रंग उडतोय, पडला की उडतोय. कुमुद या टेबलावरून त्या टेबलावर, कोणाची तोटी सैल कर, कोणाच्या फ्लास्कखाली पांढरी फरशी सरकव. नव्या काळ्या पेंटवर परमँगनेट सांडलं, ॲसिड सांडलं, फोड आले, कोणी बघितलंसुद्धा नाही. मंदाकिनी मॅडमही न राहवून पदर खोचून शेवटच्या टेबलावर पोरींच्या बरोबरीनं वाकल्या होत्या.

आणि मग राधाच्या फ्लास्कमध्ये तो फिकट गुलाबी रंग आला तो गेलाच नाही. तिनं वाचलं, सोळा पॉइंट सात. शेजारच्या टेबलावर सोळा पॉइंट सहा. पलीकडे पुन्हा सोळा सात. एकेक आकडा फळ्यावर चढत गेला. कोणाचा आकडा इतरांपासून लांब नाही. राधानं फळ्यावरच गणित मांडलं. मोहर्स सॉल्ट ०.१ नॉर्मलचं, दहा मिलिलिटर, त्याला परमँगनेट लागलं सोळा पॉइंट सात, म्हणजे द्रावण ०.०६ नॉर्मल. मूळचं ०.१ होतं. म्हणजे दहा भागांत चार भाग पाणी.

सर कुमुदकडे वळले. तिनं नुसती मान हलवली. शुक्रवारची बाटली तिनं पाहिली होती, निम्म्याहून थोडी वर. बरोबर होतं उत्तर. पोरींनी टाळ्या वाजवल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. आणि तो तोलूनमापून बोलणारा माणूस मोठ्यानं हसला. चाळीस वर्षं शिकवतोय, म्हणाला, पण कॉलेजनं स्वतःची लबाडी मुलींकडून दशांशापर्यंत मोजून दिली, हे पहिल्यांदा बघतोय.

मग ते गंभीर झाले आणि मॅडमना म्हणाले की तुम्हाला पेंटची गरज नव्हती. एमएस्सीची शिफारस मी अहवालात लिहिणार. फक्त एक सांगा, वर्ग उद्या सुरू झाला तर बसणार किती जणी? पोरींकडे वळून त्यांनी विचारलं, की ज्यांना इथं एमएस्सी करायची आहे त्यांनी हात वर करा.

हात वर गेले. दोघींची लग्नं ठरली होती, त्यांनी एकमेकींकडे पाहून हात खालीच ठेवले. सर पेनानं हवेत एकेक हात मोजत गेले. पंद्रह, सोलह, सत्रह. राधापाशी थांबले, वही उघडली, आणि मग त्यांची नजर तिच्या मागे गेली. सिंकपाशी उभ्या कुमुदचा हात वर होता. एका हातात ओला फ्लास्क, दुसरा सरळ वर. कधी गेला, तिलाही कळलं नव्हतं.

"कुमुद," मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलींना विचारताहेत ते."

कुमुदनं हात खाली घेतला नाही. "मी बीएस्सी आहो, मॅडम. शहाऐंशीची. फर्स्ट क्लास."

सरांना मराठी किती कळलं कोण जाणे. त्यांनी पुन्हा पेन उचललं, तिच्या हाताकडे रोखलं, म्हणाले, "अठारह," आणि लिहून घेतलं.