कणकेनं मोजलेलं इंजिन

मंडळातल्या बायांनो, आजची गोष्ट आजच फळ्यावर यावी म्हणून नातीले लिहायले बसवलं आहे.

माझ्या वसंतानं एका डॉक्टरांच्या मोटारीची ताकद वाढवायले इंजिनाचं हेड घासून पातळ केलं. आता हेडमधला वाल्व खालच्या पिस्टनवर आदळंल काय, ही त्याले धास्ती. आदळला तर इंजिन जाणार, आणि नव्या गॅरेजचं नावही. दोन दिवस चालू करायची हिंमत नाही.

"काहून गा असा बसला?"

"आत जागा किती राहिली ते दिसतच नाही वं आई."

"मंग कणीक ठेव. दाबली की कळंल."

हासला लेकाचा. तरी पिस्टनवर गोळा ठेवला, हेड कसलं, इंजिन हातानं फिरवलं. उघडलं तर कणीक वाल्वले चिकटून फाटलेली.

"तेलाचं बोट कोण फिरवंल, तुझी सासू?" म्या म्हटलं.

दुसऱ्या खेपेले वाल्वले तेल लावलं, ठसा साफ उमटला. एका जागी कणीक मडक्यावरच्या कागदासारख्या लांब रोटीपेक्षा पातळ! तेवढ्याच जागी पिस्टन त्यानं सीताबर्डीच्या लेथवर कोरून आणलं. पुन्हा मोजलं तर भाकरीएवढी जाडी. संध्याकाळी इंजिन सुरू झालं, एक खटका नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "जागा मोजली कशानं?"

पोरगा चार लोकांसमोर म्हणाला, "आमच्या आईनं मोजली."

म्या पदर सावरला, जसं काही हे रोजचंच आहे.

तुमच्या हातातली अशी कोणती अक्कल घरच्यांनी अजून विचारलीच नाही? फळ्यावर लिहा वं. नात मले वाचून दाखवंल.