परडीतली मूठभर ज्वारी

देवीचा अनुभव लिहायला बसलेल्या माणसांचे हात पहिल्या ओळीपासून जोडलेले असतात. माझे जोडलेले नव्हते. त्या दिवशी माहूरच्या पायऱ्या चढताना मी रेणुकामातेवर इतकी चिडले होते की तिचं नाव घ्यायचंही मनात नव्हतं. ती आमची कुलदेवता. आई गेल्यावर आई म्हणायला मला तीच उरली होती, आणि तिनं मला काय दिलं? कर्ज, वसुलीवाल्यांचे फोन, आणि वर दादा.

मी नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते आणि एकटी राहते. मला ऑटिझम आहे, हे तिशी उलटल्यावर कळलं; तोवर सगळे मला विक्षिप्त म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं. मोठे आवाज मला नुसते नकोसे होत नाहीत, ते डोक्यात घुसतात आणि मग बोलणंच बंद पडतं. आणि कुणी भरभर बोलत अंगावर आलं की मला 'नाही' म्हणता येत नाही. शब्द माहीत असतो, पण तो तोंडापर्यंत येईस्तोवर समोरच्यानं पावती फाडलेली असते. आईच्या दवाखान्याचं बिल झालं तेव्हा 'तुला एकटीला कसला खर्च' म्हणत मोठा वाटा माझ्यावर टाकला गेला. त्यासाठी कर्ज काढलं, तर कर्ज देणाऱ्या साहेबानं त्याच टेबलावर एक विमाही माझ्या गळ्यात मारला. पुढे पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेला माणूस दारातून हलेना, म्हणून त्याचे हप्ते सुरू झाले, आणि ते भरायला मोबाईलवरून आणखी एक कर्ज. दुष्काळात तेरावा महिना! गंमत अशी की यात विकणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही. तो हुशार ठरतो आणि मी खर्चिक.

तरी मी माझ्यापुरता मार्ग काढला होता. फोनवरून पैसे गेले की ते गेलेले मला दिसत नाहीत. म्हणून पगार झाला की हप्त्याचे पैसे बँकेत ठेवून बाकीचे मी रोख काढते आणि आईच्या मिसळणाच्या डब्यात ठेवते. मोहरीच्या वाटीत भाजीचे, हळदीच्या वाटीत दुधाचे, जिऱ्याच्या वाटीत रिक्षाचे. वाटी रिकामी झाली की तो खर्च बंद. मसाल्याच्या डब्यात जमाखर्च कसला ठेवतेस, असं कुणी विचारलं तर सांगते, मसाले मी पुड्यांतच ठेवते. रिक्षाची वाटी मोठी असते, कारण गाणी लावलेल्या शेअर ऑटोत लोकांची कोपरं अंगाला लागत मी बसू शकत नाही. एक ठरलेले रिक्षावाले काका मला एकटीला नेतात, रेडिओ बंद ठेवतात. मेथीच्या वाटीत कानाचे पैसे, म्हणजे बाहेरचे आवाज अडवणारा माझा हेडफोन बिघडला तर दुरुस्तीला. या दोन वाट्या काढल्या तर मी कामावर पोचत नाही, आणि काम नाही तर हप्ता नाही. पण नातेवाइकांना हे माझे चोचले वाटतात. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे मला जो तो ऐकवून जातो. अहो, पाय पसरलेत कुठे? मी तर अंग चोरून झोपले आहे.

एका शनिवारी लातूरहून दादा आणि वहिनी आले. दादा सरकारी कचेरीत आहे, वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वसुलीवाल्यांनी कुठून तरी दादाचा नंबर मिळवला होता, त्यामुळे तो आधीच तापलेला. त्यानं डबा उघडला आणि हसला.

"हे काय भातुकली खेळून राहिलीस?" म्हणत त्यानं सगळ्या वाट्या टेबलावर पालथ्या केल्या. "रिक्षा बंद. कानातलं ते बंद. एटीएम कार्ड माझ्याकडं दे, मी खर्चाला देत जाईन. कर्ज कसं झटक्यात फिटतंय बघ."

माझा शब्द घशातच राहिला. गप्प बसलं की लोक होकार धरतात, ही जगाची जुनी खोड आहे.

"तुझ्या वहिनीचं कार्ड पण माझ्याकडंच असतंय की. तिला काही त्रास हाय का?" तो म्हणाला. वहिनी टेबलाखाली गेलेली नाणी गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

मग दादानं ठरवलं की उद्याच माहूरला जायचं. देवीसमोर मी कार्ड त्याच्या हातात द्यायचं आणि शब्द द्यायचा, म्हणजे मागाहून पलटायला नको. त्याला तो मोठा पवित्र विचार वाटत होता. मला मात्र भयंकर संताप आला. फोनवर धमकावणारे कमी होते, म्हणून आता याने देवीलाही वसुलीच्या कामाला लावलं होतं. त्याच्या माघारी मी वाट्या पुन्हा भरल्या आणि रिक्षाचे पैसे तेवढे रुमालात बांधून जवळ ठेवले, कारण काका दर सोमवारी आठवड्याचे पैसे घेतात.

रविवारी हदगावमार्गे आम्ही निघालो. गाडीत मी हेडफोन लावून बसले होते. गडाच्या पायथ्याशी दादानं तो काढायला लावला. "आईच्या दारात कानाला कुलूप लावून जातीस का?" मी तो गाडीतच ठेवला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं. त्यातल्या एकानं माझ्या हातात ओटीचं ताट ठेवलंच, वर खण, नारळ, बांगड्या, आणखी काय काय रचत गेला. "घ्या ताई, आईला कमी करू नका" हे त्याचं चालूच. पर्समधले भाजीचे पैसे गेले. पुढे कुठल्याशा दुकानावरचा भोंगा, वरून घंटा, मधे संबळ. मी एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसले आणि कानांवर हात दाबले.

"आम्ही रांगेत उभं राहतो. शांत झालीस की ये," दादा म्हणाला आणि वर गेला. वहिनी दोनदा मागं वळून पाहत त्याच्यामागून गेली.

तिथं बसून मी देवीशी भांडले. तोंडानं नाही, मनातच, पण कडाकडा. म्हटलं, आई म्हणवतेस ना? मग मला असली कातडी देऊन असल्या गोंगाटात का बसवलीस? एखादा हप्ता चार दिवस उशिरा जातो, पण कुणाचा एक पैसा बुडवलेला नाही, तरी कार्ड माझंच जाणार? ज्यानं विमा गळ्यात मारला त्याला तू कधी पायऱ्या चढायला लावल्यास का? आणि नुसतं 'नाही' म्हणता येणं, एवढं साधं दान सगळ्यांना वाटताना माझ्या वेळी तुझी मूठ का आवळली? दर्शन घ्यायचं नाही, ओटी इथंच ठेवायची आणि खाली उतरायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात लाईट गेली. भोंगा मधेच तुटला. मराठवाड्यात लाईट जाण्याला चमत्कार म्हटलं तर लोक हसतील, त्यामुळे मी तसं म्हणत नाही. गेली, एवढंच सांगते. कानांवरचे हात काढले तर समोर एक वयस्कर बाई उभी होती. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, आणि हातात वेताची परडी, देवीच्या नावानं जोगवा मागतात ती.

"जोगवा वाढ, माय," ती म्हणाली.

माझ्याजवळ रुमालातले पैसे होते. देवीच्या दारात जोगव्याला नाही म्हणू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. पण तिनं मागितलं आणि मग ती गप्प उभी राहिली. दुसऱ्यांदा मागितलं नाही, परडी पुढं रेटली नाही, माझ्या तोंडाकडं टक लावून पाहिलंही नाही. आणि त्या शांततेत माझा शब्द चालत चालत तोंडापर्यंत आला.

"नाही," मी म्हटलं. "हे रिक्षाचे आहेत."

आता ती शाप देणार, असं मला वाटलं. ती हसली. अगदी मनापासून, दात पडलेल्या हिरड्या दिसेपर्यंत.

"मग ऱ्हाऊ दे की. रिक्षाचे रिक्षालाच द्यावं," म्हणत ती शेजारी टेकली. परडी मांडीवर घेतली. तळाशी थोडी ज्वारी होती. "ही बग, ही मूठभर म्या कधीच काढत न्हाई. घरी म्हाताऱ्याच्या दवाखान्याचं देणं हाय, लोक दारात येऊन बसतेत. पन परडी पार झाडून देणं फेडलं, तर उद्या जोगवा कशात मागू? रिकाम्या परडीनं आईच्या दारी जात नसतेत."

आमच्या घरीही परडी होती. आई मंगळवारी, शुक्रवारी ती भरायची आणि तळाशी मूठभर धान्य कायम ठेवायची. रिकामी परडी अशुभ, एवढंच आम्हाला माहीत. त्या मुठीचा माझ्या जिऱ्याच्या आणि मेथीच्या वाटीशी काही संबंध असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला विचारलं, "पण लोक म्हणतात, देवीवर सगळं सोडून द्यावं."

"सोड की आईवर. दुसऱ्या कुनाच्या हातात कशापायी देतीस?" ती म्हणाली.

मी तिला दादाबद्दल, कार्डाबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. ती उठली. जाताना तिनं त्याच तळाच्या ज्वारीतले थोडे दाणे माझ्या ओंजळीत टाकले. मागणारीनंच मला जोगवा वाढला. "उदो गं आई" म्हणत ती खाली उतरून गेली आणि थोड्या वेळानं लाईट आली, भोंगा पुन्हा कोकलायला लागला. पण आता मला तेवढ्या पायऱ्या चढता आल्या.

गाभाऱ्यात देवीचा तो भव्य शेंदरी मुखवटा समोर आला आणि आत्तापर्यंत दाबून धरलेलं रडू फुटलं. दादा कानाशी म्हणाला, "म्हण, आईसमोर म्हण आता. कार्ड काढ." माझ्या एका मुठीत ज्वारी होती. त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, मग आईच्या डोळ्यांकडे पाहत मी म्हटलं, "कार्ड माझ्याकडे राहील. हप्ते मीच भरेन. रिक्षा आणि कान सोडून बाकीचं काय कमी करायचं ते विचार, मी ऐकेन."

एवढं लांबलचक वाक्य मी त्याच्यासमोर आयुष्यात प्रथमच बोलले. दादा काही बोलणार, तोवर पुजाऱ्यांनी माझ्या हातावर कुटलेल्या विड्याचा प्रसाद ठेवला आणि "चला, चला पुढं" म्हणून आम्हा सगळ्यांनाच पुढं ढकललं. परतीच्या वाटेवर दादा धुमसत होता. "देवीसमोर भांडायला लाज न्हाई वाटली का?" असं त्यानं हदगाव येईपर्यंत दोनदा विचारलं. देवीसमोर बहिणीचं कार्ड मागायला तुला वाटली का, हे त्याला म्हणायला हवं होतं. पण असली उत्तरं मला दुसऱ्या दिवशी सुचतात. गड उतरताना मी त्या बाईला प्रत्येक दुकानाशी शोधलं होतं. ती दिसली नाही. ती कोण होती, मला ठाऊक नाही. ती आईच होती, असं मी लिहिणार नाही. जे पाहिलं नाही ते मला सांगता येत नाही. दात नसलेली एक बाई होती आणि तिनं माझं 'नाही' हसून झेललं, इतकं पाहिलं आहे.

कर्ज अजून आहे, हळूहळू उतरतंय. यंत्र परत गेलं, त्यासाठीही मला 'नाही' म्हणावं लागलं आणि दोन दिवस ताप आल्यासारखं झालं. मिसळणाच्या डब्यात मधली वाटी पूर्वी रिकामी असायची. आता तिच्यात ती ज्वारी आहे. पगाराच्या दिवशी मी आधी त्या वाटीला हात लावते, मग रिक्षा आणि कान, मग बाकीचं. शरण जाणं म्हणजे स्वतःला झाडून पुसून कुणाच्या तरी हवाली करणं, असं मला शिकवलं गेलं होतं, आणि म्हणून मी चिडत होते. मी शरण आहे. आईला आहे. ती मागते तेव्हा माझ्या उत्तरासाठी थांबते. संताप मात्र गेलेला नाही. शुक्रवारी दिवा लावताना मी तिला अजूनही चार गोष्टी सुनावते, आणि मग पाया पडते.

मध्यंतरी शाळेच्या प्रशिक्षणासाठी वहिनी एकटीच नांदेडला आली होती. चहा करताना साखर शोधायला तिनं तो डबा उघडला आणि ज्वारीच्या वाटीपाशी तिचा हात थांबला. तिनं विचारलं, मी सगळं सांगितलं. चहा उतू गेला तरी ती तिथंच उभी. मग तिनं पदर पसरला आणि हळू आवाजात म्हणाली, "मला पण जोगवा वाढ ना गं थोडा."

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

"तू हिला काय दिलंस?" तो ओरडला. "स्वतःचं कार्ड मागून राहिली!"

मी फोन कानापासून थोडा लांब धरला. त्याचं ओरडणं संपू दिलं. मग म्हटलं, "मूठभर ज्वारी."