कनकाबाईंच्या विहिरीची नोंद

चेन्नईतल्या सेलैयूरच्या त्या गल्लीत चंद्रमौळी सरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. जवळच्या तांबरमच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं गणित शिकवलं, म्हणजे निम्म्या गल्लीचे कान त्यांच्या हातून गेलेले. घरात तंजावरी मराठी, दारात तमिळ, वर्गात इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत दुसऱ्याची चूक काढायची हौस सारखीच. असा हा माणूस आयुष्यात खोटं बोलला तो एकदाच. पण बोलला तो आठ महिने, रोज, न चुकता.

विहीर त्यांच्या घरामागे होती. १९९४ साली तंजावर सोडून ते चेन्नईला आले तेव्हा कनकाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, या शहराच्या पाण्याचा भरवसा वाटेना. त्यांनी एका सुती दोरीला लोखंडी वजन बांधलं आणि रोज सकाळी ती तळापर्यंत सोडू लागल्या. वर काढली की ओली झालेली दोरी मोजायची, तेवढं पाणी. मोजताना दिसेल तेही त्या ध्यानात ठेवत. बेडूक किती, खंड्या येऊन बसला का, कठड्यातल्या पिंपळाला पानं फुटली का. सगळं खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवत आणि दुसऱ्या सकाळी पुसून नवीन लिहीत.

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," सर म्हणायचे. "ते कोण वाचणार? मी लिहितों."

आणि संध्याकाळी शाळेतून आले की ते दारावरचा मजकूर सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेत. कनकाबाईंनी कधी हट्ट धरला नाही. वह्या भरत गेल्या. आल्यागेल्याला सर त्या दाखवत, लोक सरांच्या चिकाटीचं कौतुक करत, आणि कनकाबाई आतून कॉफी आणून देत. हे कौतुक कोणाचं, हे सांगायला सरांना कधी सुचलं नाही. वाईट हेतू नव्हता, पण नाही सुचलं हे खरं.

२०१९च्या फेब्रुवारीत कनकाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. पहिले चार दिवस शुद्ध अशी नव्हतीच. पाचव्या दिवशी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "अहो, किती आहे?"

सरांनी दोरी सोडली होती कुठे? दवाखाना, औषधं, नर्स, यातच जीव मेटाकुटीला आलेला. ते म्हणाले, "नऊ फूट चार इंच."

"बेडूक?"

"आहे की. एक आहे."

कनकाबाईंनी डोळे मिटले आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास खाल्ले. मग हे रोजचंच झालं. पुढे सर खरंच मोजायला गेलेही, पण पाणी भराभर खाली चाललं होतं, आणि ते वाचून दाखवायला त्यांची जीभ उचलेना. अंथरुणातली बाई विहिरीचं विचारतेय की स्वतःचं, हे त्यांना कळत नव्हतं. शिवाय कनकाबाई नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. वही डोळ्यांसमोर धरायला लावत. म्हणून वहीतही तेच लिहावं लागलं.

गणिताच्या मास्तराला खोटं लिहायची वेळ आली तर तो तेही रीतसर लिहितो. सर एकदम पाणी वाढवत नसत. तीन दिवस तोच आकडा, मग अर्धा इंच कमी, एखाद्या सरीनंतर पाव इंच जास्त. अग्निनक्षत्रात, म्हणजे मे महिन्याच्या ऐन उन्हात, त्यांनी सहा फुटांपर्यंत उतरवलं, कारण तेवढंही उतरलं नाही तर कनकाबाईंना संशय आला असता. त्या उन्हाळ्यात सगळं शहर घागरी घेऊन टँकरमागे धावत होतं. विहिरीचा तळ जूनमध्ये उघडा पडला, चिखल वाळून त्याला भेगा पडल्या, आणि वहीत मात्र सहा फूट पाणी आणि एक बेडूक होता. ऑक्टोबरमध्ये कनकाबाई गेल्या. त्या दिवसापासून सर स्वतः दोरी सोडून पुन्हा खरं लिहू लागले.

चार वर्षांनी अर्चना आली. मूळची साताऱ्याची, चेन्नईतल्याच तरमणीच्या एका संस्थेत कामाला. लोकांनी घरोघरी ठेवलेल्या नोंदी, तळ्यावरचे पक्षी, झाडांचा बहर, विहिरींचं पाणी, असं सगळं एकत्र करून इंटरनेटवर सर्वांना खुलं करायचं, असं त्यांचं काम. एका विहिरीची सलग एवढ्या वर्षांची नोंद पाहून ती हरखली. सरांचं जुनं मराठी आणि त्यातलं मुलीला प्रेमानं म्हणायचं तमिळ 'मा' ऐकून तर आणखीच. तीन महिने येऊन तिनं वह्यांचं पान न् पान संगणकात भरलं.

"काका, निरीक्षक म्हणून तुमचं नाव घालते," ती म्हणाली.

"माझं नको, मा. मी नुसतं उतरवून काढलों. मोजून पाहणारी ती. कनकाबाई म्हणून घाला."

तिनं घातलं. पानाच्या माथ्यावर नाव आलं तेव्हा सर चष्मा पुसून पुसून बघत राहिले. आठवीपर्यंत शिकलेल्या बाईचं नाव आता जगात कोणीही वाचू शकत होतं. आपण उशिरा का होईना तिचं तिला दिलं, असं त्यांना वाटलं, आणि त्या आनंदात ते आठ महिने काढून टाकायला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, त्यांनी ठेवलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. संगणकाच्या तपासणीतून ते आकडे बिनबोभाट पार झाले होते.

मग एका सोमवारी बोअरची गाडी गल्लीत शिरली. कोपऱ्यावर अठ्ठेचाळीस फ्लॅटांची इमारत होणार होती आणि तिच्यासाठी पाच बोअर. शेजारपाजारच्या विहिरींचं काय, असं विचारायला सर गेले, तर तिथल्या इंजिनिअरनं अदबीनं त्यांना मोबाइलवर एक अहवाल दाखवला.

"सर, काळजी करू नका. इथली जमीन पाणी धरते. २०१९मध्ये सगळीकडे ठणठणाट होता, या गल्लीत सहा फूट पाणी होतं. तुमच्याच विहिरीची नोंद आहे."

सर घरी आले आणि त्यांनी २०१९ची वही काढली. नंतर त्यांनी अर्चनाला फोन करून बोलावून घेतलं.

"ते आठ महिने मी खोटं लिहिलों," ते म्हणाले. "तिला दाखवायला म्हणून लिहिलों. विहिरीत थेंब नव्हता, मा. बेडूकही नव्हता."

अर्चनानं वहीतली ती पानं पुन्हा उघडून पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काम तिला करायलाच हवं होतं. तिनं संस्थेला कळवलं, अहवालवाल्यांनाही कळवलं. अहवालवाल्यांचं उत्तर लगेच आलं. आम्ही नोंद घेतली तेव्हा ती वैध होती, परवानगी झालेली आहे. बोअरचं काम थांबलं नाही.

संस्थेच्या समितीचा निर्णय यायला तीन आठवडे लागले. तो घेऊन अर्चना आली तेव्हाच तिच्या चेहऱ्यावरून सरांना अंदाज आला.

"काका, मी म्हटलं, फक्त तेवढे महिने काढा. ते ऐकत नाहीत. ते विचारतात, सगळ्या वह्या एकाच हातच्या. खोटं तिथूनच सुरू झालं, आधी नव्हतं, हे कशावरून? कनकाबाईंनी स्वतः लिहिलेलं एखादं पान असतं तर..."

"नाही," सर म्हणाले. "ती दारावर लिहायची. पुसायची."

"मग सगळ्याच वर्षांना शेरा लागणार. संशयास्पद, म्हणून. निरीक्षकाच्या नावापुढे दिसेल."

"तिच्या नावापुढे?"

अर्चनानं हो म्हणून मान हलवली. सरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्या बाईनं ताप असतानाही पाव इंच सोडला नाही, तिच्या नावापुढे जगानं हे वाचायचं. आणि ते अक्षर, ज्याची त्यांनी एवढी शेखी मिरवली, त्यानंच तिचा पुरावा गिळला होता.

"नाव बदलता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं. पण एकच नाव राहतं, काका. तुमचं घातलं तर पहिल्या दिवसापासून तुमचं. त्यांचं कुठेच राहणार नाही."

सर उठले, मागच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. अर्चना लॅपटॉप उघडून थांबली होती.

"सरी, मा," ते म्हणाले. "बरं तर, माझं घाला."

"पुन्हा विचार करा. उद्या करू."

"उद्यापर्यंत चार लोक वाचतील. आत्ता घाला."

तिनं घातलं. पान नव्यानं उघडलं. निरीक्षक, चंद्रमौळी. शेरा, संशयास्पद. सरांनी ते सवयीप्रमाणे दोनदा तपासलं आणि ठीक आहे म्हणाले. कनकाबाईंनी पंचवीस वर्षांत एकही आकडा चुकीचा सांगितला नव्हता. आता कनकाबाई म्हणून कोणी त्या विहिरीत दोरी सोडत होतं, एवढंही कुठे लिहिलेलं नव्हतं.