साडेपाचशे ग्रॅम

सकाळी पावणेनऊला माल उतरवणाऱ्या सिद्धेशला सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसवलं, तेव्हा आम्रपाली ओव्हाळ आपल्या स्क्रीनसमोर होती. काचेतून तिला सगळं दिसत होतं. त्याची बॅग टेबलावर उपडी केली होती, जेवणाचा डबा उघडला होता, बूटसुद्धा काढायला लावले होते.

चाकणजवळच्या त्या पार्सल गोदामात ती चार वर्षं सरकत्या पट्ट्यांवरची तपासणी सांभाळत होती. राहायला दापोडीला. वडील पिंपरीतल्या कारखान्यात कामगार होते, त्यांनी ओव्हरटाइम करून तिचा डिप्लोमा पुरा केला. इथली नोकरी कराराची. पुढच्या महिन्यात करार नवा व्हायचा होता.

ट्रकमधून पार्सलं ढिगानं पट्ट्यावर पडत. पुढचे पट्टे कमीजास्त वेगानं फिरून ढीग मोकळा करत आणि एकेक पार्सल सुटं होई. मग कॅमेरा लेबल वाचे, खालचा काटा वजन घेई. लेबलवरच्या वजनापेक्षा जास्त भरलं, तर दोन पार्सलं चिकटून आली असं समजून यंत्र ती बाजूच्या पट्ट्यावर ढकले. तिथं माणसं ती हातानं सोडवत. किती फरक चालेल हा आकडा आम्रपालीच्या पासवर्डखाली होता. शंभर ग्रॅम.

सणाच्या गर्दीत बाजूचा पट्टा तुंबू लागला. शिफ्ट मॅनेजर केयूर सर दोनदा येऊन म्हणाले, "मॅडम, काहीतरी करा. मेन लाइन थांबता कामा नये." परवा दुपारी तिनं शंभरचे सहाशे केले. आकडा तिला कुणी सांगितला नव्हता. गर्दी सुटली, सगळे खूश झाले.

आणि आज साताऱ्याच्या एका दवाखान्याचं औषध गायब झालं. बर्फात ठेवलेली इंजेक्शनं होती, संध्याकाळपर्यंत पेशंटला द्यायचीच होती. ट्रकमधून उतरवताना सिद्धेशनं तो लहानसा पांढरा डबा स्कॅन केला होता, सात वाजून बारा मिनिटांनी. त्यानंतर त्याची कुठेही नोंद नव्हती. औषध महागडं होतं. चोर सिद्धेशच, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आम्रपालीनं डब्याचं नोंदलेलं वजन पाहिलं. साडेपाचशे ग्रॅम. म्हणजे तिनं सैल केलेल्या सहाशेच्या आत.

सात बारानंतरच्या पाच मिनिटांत काट्यावरून गेलेली सगळी पार्सलं तिनं काढली. साडेपाचशेच्या आसपास जास्त भरलेली तीन निघाली. वरून घेतलेल्या फोटोत तिन्ही नीट दिसत होती. बाजूच्या कॅमेऱ्याचे फोटो तिनं मोठे करून पाहिले. तिसरं पार्सल मिक्सरचं खोकं होतं. त्याच्या बुडाला पांढरी कड दिसत होती आणि खोकं एका अंगाला उचललेलं होतं. ते नाशिकच्या गाडीत भरलं गेलं होतं. गाडी आठ वाजता निघाली होती.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. ती उठून केयूर सरांकडे गेली.

"सर, डबा चोरीला गेलेला नाही. मिक्सरच्या खोक्याला चिकटून नाशिकला चाललाय. नाशिकची गाडी थांबवून उघडावी लागेल."

"सीलबंद गाडी रस्त्यात उघडायची? आणि नाही सापडला तर?"

"वजनाची मर्यादा मी सैल केली होती. शंभरची सहाशे. म्हणून यंत्रानं तो जोड सोडून दिला."

केयूर सरांनी विचारलं, "हे मेलवर लिहून द्याल?"

तिनं उभ्या उभ्या लिहिलं. लगेच पाठवलं.

त्या गाडीचे ड्रायव्हर मालोजी फोन उचलेनात. एकदा, दोनदा, पाचदा. सिक्युरिटीवाला आत येऊन विचारून गेला, पोलिसांना कळवायचं का. "दहा मिनिटं थांबा," आम्रपाली म्हणाली. तसं म्हणायचा तिला काही अधिकार नव्हता. केयूर सरांनी मात्र ते चालू दिलं.

सहाव्यांदा फोन लागला. मालोजी नारायणगावला चहाला थांबले होते. व्हिडिओ चालू ठेवून त्यांनी सील तोडलं. खोकी वर चढलेली, एकेक उतरवून खाली ठेवायची होती. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हां, मिक्सर घावला. बाई, बुडाला काय न्हाई."

केयूर सरांनी फोन घ्यायला हात पुढे केला.

"मालोजीभाऊ, खोकं कुठल्या बाजूवर ठेवलंय?" तिनं विचारलं.

"आडवं हाय."

"मग त्याचं बूड भिंतीकडं असेल. फिरवून बघा."

खरखर ऐकू आली.

"व्हय. हाय हितं. टेप सुटलीया खोक्याची, तिला चिकाटलाय."

डबा दुसऱ्या गाडीनं परत फिरला आणि साडेतीनला साताऱ्यात पोचला. बर्फ अजून शिल्लक होता. दवाखान्यानं औषध तपासून ठीक असल्याचं कळवलं.

डबा सापडला तेव्हा सिद्धेश केबिनमध्ये अजून अनवाणीच बसला होता. आम्रपाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चूक माझी होती, सिद्धेश. तुझा काही संबंध नव्हता. मला माफ कर."

त्यानं मान वर केली नाही. "मॅडम, माझे बूट कुठं ठेवलेत ते तेवढं विचारा."

तिनं शोधून आणून दिले. तो बराच वेळ नाडी बांधत बसला. बॅग भरताना एवढंच म्हणाला, "सगळे बघत होते."

सिक्युरिटीवाल्यानं त्याची माफी मागावी म्हणून तिनं केयूर सरांकडे हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शिफ्टसमोर ती मागितली गेली. सिद्धेश ऐकून ट्रकचा माल उतरवायला निघून गेला. आम्रपालीशी तो पुढंही कामापुरतंच बोलत राहिला.

तिला लेखी ताकीद मिळाली आणि करार वर्षाऐवजी सहाच महिन्यांचा झाला. मर्यादा तिनं त्याच दुपारी पुन्हा शंभरावर आणली होती. दोन दिवसांत बाजूचा पट्टा परत तुंबला. केयूर सर आले.

"काही करता येईल का?"

"तिथं दोन माणसं वाढवा, सर. आकडा बदलायचा असेल तर लिहून द्या."

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दोन माणसं दिली.